तितिक्षा कोणाची? उपनगरी मुंबईतील उन्हाळ्याचा धर्मविचार

भारतात उगम पावलेल्या धर्मपरंपरांनी उष्णतेकडे दोन बाजूंनी पाहिले आहे. एका बाजूने ती साधनेची सामग्री आहे. पंचाग्निसाधन करणारा तपस्वी चारी दिशांना अग्नी पेटवून आणि माथ्यावर सूर्य घेऊन बसतो, जैन मुनी भर उन्हात उभा राहून आतापना घेतो, आणि वेदान्तात मुमुक्षूला, म्हणजे मोक्षाची इच्छा धरणाऱ्याला, ज्या सहा संपत्ती मिळवायला सांगितल्या आहेत त्यांत तितिक्षा हीही एक आहे. थंडी-ऊन, सुख-दुःख ही द्वंद्वे तक्रार न करता आणि प्रतिकार न करता सोसण्याची शक्ती असा तिचा अर्थ दिला जातो. दुसऱ्या बाजूने हीच उष्णता निवारणे हे पुण्यकर्म मानलेले आहे: चैत्र-वैशाखात पाणपोई घालणे, अक्षय्य तृतीयेला उदककुंभ देणे, छत्री आणि पादत्राणे दान करणे, वाटेच्या कडेला झाडे लावणे. वरवर पाहता या दोहोंत विसंगती वाटते, परंतु त्यांच्यामागे एकच क्रम आहे. स्वतःच्या वाट्याचे ऊन सोसावे आणि दुसऱ्याच्या वाट्याचे कमी करावे, असा तो क्रम होय. अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर या उपनगरांत मार्च ते जून या काळात जो व्यवहार चालतो, त्यात हा क्रम नेमका उलटा झाला आहे. ज्यांना परवडते ते स्वतःचे ऊन निवारतात आणि तितिक्षा मात्र दुसऱ्यांनी करावी अशी व्यवस्था होऊन बसली आहे.

या उलटलेल्या क्रमाचे स्वरूप समजण्यासाठी उपनगरांतील उष्णता कशी असते हे आधी पाहिले पाहिजे. सांताक्रूझ वेधशाळेने नोंदवलेले एप्रिलमधील सर्वाधिक तापमान ४२.२ अंश सेल्सिअस आहे आणि ते १४ एप्रिल १९५२ रोजीचे आहे. असे दिवस क्वचितच येतात, म्हणून मुंबईला विदर्भासारखा उन्हाळा नाही अशी एक समजूत रूढ आहे. परंतु शरीराला होणारा त्रास एकट्या पाऱ्यावर अवलंबून नसतो. माणसाचे शरीर घामाच्या बाष्पीभवनाने थंड होते, आणि हवेतच बाष्प भरलेले असले की घाम सुटतो पण वाळत नाही, त्यामुळे ३५ अंशांतही अंगाची तलखी होते आणि आतली उष्णता बाहेर पडायला वाट उरत नाही. शरीराचे तापमान ४० अंशांच्या पुढे गेले आणि शुद्ध हरपू लागली की त्या अवस्थेला उष्माघात म्हणतात. भारतीय हवामान विभाग किनारी भागासाठी ३७ अंशांचा उंबरठा धरतो, म्हणजे कमाल तापमान ३७ अंश किंवा अधिक आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त असेल तर उष्णतेची लाट मानतो, यामागेही किनारपट्टीवरचा हा दमटपणाच आहे. पूर्वेकडचे कोरडे वारे टिकून राहिले आणि समुद्रावरचे वारे दुपारी उशिरा वाहू लागले तर सारे शहर तापते. त्यातही समुद्रापासून आत, डोंगरांच्या आणि खाडीच्या मध्ये वसलेल्या घाटकोपर-मुलुंडच्या पट्ट्यात, विशेषतः टेकड्यांच्या उतारांवरील पत्र्याच्या घरांत, दुपार उलटून रात्र झाली तरी उकाडा हटत नाही.

शहराची हालचाल मात्र या दुपारीही थांबत नाही, केवळ ती कोणी करायची याची वाटणी बदलते. ८ जून २०१४ रोजी सुरू झालेल्या वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रोने आणि २५ डिसेंबर २०१७ रोजी पश्चिम रेल्वेवर धावलेल्या देशातील पहिल्या वातानुकूलित लोकलने थंड प्रवास शक्य केला, ही खरी सोय आहे आणि तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु वातानुकूलित लोकलचे तिकीट साध्या दुसऱ्या वर्गाच्या कित्येक पट असल्याने ती सोय उत्पन्नाप्रमाणे वाटली गेली आहे. जो कार्यालयात किंवा घरात थंड हवेत बसतो त्याला दुपारी बाहेर पडण्याची गरज उरत नाही, कारण जेवण, औषध, किराणा आणि पार्सल त्याच्या दारी येते, आणि जेवणाच्या मागण्या नेमक्या बारा ते तीन या वेळेत सर्वाधिक असतात. भौतिकशास्त्राच्या नियमाप्रमाणे वातानुकूलन यंत्र उष्णता नाहीशी करत नाही, ते ती खोलीतून उचलून गल्लीत टाकते आणि स्वतः चालण्यासाठी लागलेल्या विजेची उष्णता तिच्यात मिळवते. म्हणजे खालच्या फाटकापाशी डिलिव्हरीची पिशवी पाठीवर घेऊन उभा असलेला तरुण वरच्या मजल्यावरच्या गारव्याची किंमत दोनदा मोजतो: एकदा त्याच्यासाठी उन्हातून येऊन आणि पुन्हा त्याच यंत्राची झळ अंगावर घेऊन. काही सोसायट्यांत अशा माणसांनी लिफ्ट वापरू नये अशी पाटीही असते, आणि मग चौथ्या-पाचव्या मजल्यापर्यंतचा जिना हा तिसरा हिशेब त्यात जमा होतो.

रिक्षा ही मुंबईत फक्त उपनगरांची आहे, वांद्रे आणि शीव यांच्या पलीकडे दक्षिणेस तिला परवानगी नाही. त्यामुळे उन्हाळ्याचा आणि रोजीचा संबंध येथे रिक्षाचालकाच्या दिवसात स्पष्ट दिसतो. ज्याची गाडी स्वतःची नाही त्याला मालकाला द्यायचे दिवसाचे भाडे ठरलेले असते. तो दुपारी दोन तास झाडाखाली थांबला तर त्या दोन तासांची कमाई जाते, भाडे मात्र तेवढेच राहते, म्हणून तो तापलेल्या रेक्झिनच्या टपाखाली ओला पंचा मानेवर टाकून फेऱ्या मारत राहतो. सकाळी नाक्यावर उभा राहून दिवसाची मजुरी शोधणाऱ्या नाका कामगाराला ही निवडही नसते. भाजीवाल्या बाईचा माल दुपारी कोमेजतो आणि संध्याकाळी उतरत्या भावाने जातो. शिवाय जवळपास स्वच्छतागृह नाही म्हणून ती दिवसभर पाणीच कमी पिते. स्त्रियांची ही अडचण ‘राइट टू पी’ चळवळीने २०११ पासून मुंबईत वारंवार मांडली आहे, आणि तिच्याकडे पाहिले की पाणपोई घालून प्रश्न सुटतो हा समज किती अपुरा आहे ते कळते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ मधील अहवालात असा अंदाज केला होता की उष्णतेमुळे २०३० पर्यंत भारतातील कामाचे ५.८ टक्के तास वाया जातील आणि हे नुकसान ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ रोजगारांइतके असेल. अर्थशास्त्रात याला उत्पादकतेची हानी म्हणतात. उपनगरांत ही हानी बहुतांशी ज्याच्या अंगावर ऊन पडते त्याच्याच खिशातून वजा होते.

यावर एक उत्तर धर्माच्याच भाषेत दिले जाते आणि ते गंभीरपणे तपासले पाहिजे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात शीत आणि उष्ण यांचे स्पर्श येतात नि जातात, ते सोस, असा उपदेश अर्जुनाला केलेला आहे. तेव्हा ऊन सोसणे यात गाऱ्हाणे कसले, कष्टकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या ते सोसलेच आहे, असे हे उत्तर आहे. परंतु या उत्तरात अधिकाराचा विचार सुटला आहे. अधिकार म्हणजे एखाद्या साधनेची पात्रता, आणि वेदान्तात तितिक्षा ही विवेक आणि वैराग्य यांच्या नंतर येते. म्हणजे काय नित्य आणि काय अनित्य हे ज्याने ओळखले आणि भोगाची ओढ ज्याने आपण होऊन सोडली त्याच्यासाठी ती सांगितली आहे. मुलांच्या शाळेच्या शुल्कासाठी मे महिन्यात सिमेंटची पोती वाहणाऱ्याने कशाचाही त्याग केलेला नाही, जे गेले ते त्याच्याकडून काढून घेतलेले आहे. उपदेश स्वतःला करायचा असतो तेव्हा तितिक्षा हे व्रत असते, आणि सावलीत बसलेल्याने उन्हातल्याला तो केला की तिचे रूपांतर हुकमात होते. गीतेच्या सतराव्या अध्यायात तपाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार सांगताना दुराग्रहाने देहाला पीडा देणारे किंवा दुसऱ्याच्या नाशासाठी केलेले तप तामस ठरवले आहे. आपण होऊन घेतलेल्या पीडेलाही जेथे अशी मर्यादा आहे, तेथे न विचारता दुसऱ्यावर लादलेल्या पीडेला तपाचा मान देता येणार नाही. ज्याचे त्याचे कर्म हे दुसरे उत्तरही याच दोषाचे आहे. पैठणला गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात रडत असलेले, अस्पृश्य मानलेल्या जातीचे मूल एकनाथांनी उचलून घेतल्याची जी कथा मराठी घराघरांत सांगितली जाते, तिच्यात नाथ त्या मुलाच्या पूर्वकर्माची चौकशी करत नाहीत.

घाटकोपर, मुलुंड आणि बोरिवली या तिन्ही उपनगरांत जैन समाजाची मोठी वस्ती आहे, आणि उन्हाविषयीचा सर्वांत काटेकोर विचार जैन आचारशास्त्रातच आढळतो, म्हणून तेथे थोडे थांबले पाहिजे. तत्त्वार्थसूत्रात साधूने सोसायचे बावीस परीषह, म्हणजे मार्गात येणारी कष्टदायक संकटे, दिलेले आहेत आणि त्यांत भूक, तहान, थंडी यांच्यासह उष्णही आहे. वाहनाचा आणि पादत्राणांचा त्याग केलेले साधू-साध्वी उन्हाळ्यातही एका गावाहून दुसऱ्या गावी पायीच विहार करतात, हे या उपनगरांतील रहिवाशांच्या नित्य पाहण्यातले आहे. मात्र हेच शास्त्र गृहस्थाकडे वळते तेव्हा त्याचा रोख बदलतो. गृहस्थाच्या अहिंसा-अणुव्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रताला बाध आणणारी पाच कृत्ये, सांगितली आहेत: बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, प्रमाणाबाहेर भार लादणे आणि अन्नपाणी रोखणे. शेवटची दोन पाहिली की या सूत्राची दृष्टी किती दूरवर गेली आहे हे जाणवते, कारण हिंसेसाठी हात उगारावाच लागतो असे ते मानत नाही. सोसवेल त्याहून अधिक ओझे देणे आणि तहानेच्या वेळी पाणी न मिळू देणे एवढ्यानेही व्रत मोडते. प्राचीन टीकाकारांपुढे बैल आणि दास असतील, आजच्या गृहस्थापुढे ठरलेल्या मिनिटांत पोहोचण्याच्या अटीवर उन्हात धावणारा दुचाकीस्वार आहे. साधूने स्वतःसाठी उष्ण परीषह स्वीकारावा आणि त्याच्या श्रावकाने दुसऱ्यावर तो येऊ देऊ नये, अशी ही जोडगोळी आहे. तिचा एक भाग पाळून दुसरा सोडता येत नाही.

ज्या परंपरांत देव सगुण आहे त्यांनी तर उन्हाळा देवालाही लागतो असे मानले आहे. पंढरपूरला गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्रापर्यंत विठ्ठलाच्या मूर्तीला चंदनउटी लावली जाते, शिवालयांत पिंडीवर थेंबथेंब पाणी गळणारे अभिषेकपात्र टांगले जाते, आणि चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येक स्त्रीपुढे कैरीची डाळ आणि पन्हे ठेवले जाते. इस्लाममध्ये ऊन फार कडक असेल तर दुपारची जुहरची नमाज हवा थोडी निवेपर्यंत लांबवावी असे हदीसमध्ये सांगितले आहे, आणि रमजानच्या उपवासातून आजारी व प्रवासी यांना त्या वेळेपुरती सवलत आहे. प्रार्थनेची वेळ जर माणसाच्या शरीराकडे पाहून पुढे सरकू शकते, तर बांधकामाची, माल चढवण्या-उतरवण्याची आणि रुळांच्या दुरुस्तीची वेळ सरकू शकत नाही, हे म्हणणे धार्मिक माणसाच्या तोंडी शोभत नाही. मध्य रेल्वेवर रविवारी माटुंगा ते मुलुंड दरम्यान जो मेगाब्लॉक घेतला जातो त्याची नेहमीची वेळ सकाळी ११.०५ ते दुपारी ३.५५ अशी असते. प्रवाशांची गर्दी कमी असते म्हणून ती वेळ निवडलेली आहे आणि त्यात गैर हेतू नाही. पण मे महिन्यात त्याच पाच तासांत तापलेल्या रुळांवर आणि खडीवर वाकून काम करणाऱ्या ट्रॅकमनचे शरीर त्या वेळापत्रकात कोठेही धरलेले नाही. विठ्ठलाला दुपारी चंदन लागते हे ज्या समाजाला शतकानुशतके उमगले आहे, त्याला हे उमगणे अवघड नाही. वारकरी विचार तर जीवमात्रात तोच विठ्ठल पाहायला सांगतो.

धर्मकार्य आणि ऊन यांची गाठ किती भयंकर पडू शकते हे उपनगरांच्या शेजारीच, नवी मुंबईत खारघर येथे, १६ एप्रिल २०२३ रोजी दिसले. दासबोधाच्या निरूपणाच्या बैठका आणि समाजकार्य यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या आप्पासाहेब धर्माधिकारी यांना महाराष्ट्रभूषण पुरस्कार देण्याचा तो सोहळा होता, आणि त्यासाठी आलेले लाखो श्रीसदस्य, म्हणजे त्यांचे अनुयायी, भर दुपारी उघड्या मैदानात बसून होते. तापमान ३८ अंशांच्या आसपास होते; उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. ही माणसे कोणी जबरदस्तीने आणलेली नव्हती, ती श्रद्धेने आलेली होती, आणि नेमके तेच या घटनेचे दुःख वाढवते, कारण श्रद्धावंत माणूस उठून जात नाही, तो सोसतो, आणि त्याच्या सोसण्याची जबाबदारी त्याला बसवणाऱ्या व्यवस्थेवर येते. त्यानंतर उन्हाळ्यात दुपारी १२ ते ५ या वेळेत उघड्यावर कार्यक्रम घेऊ नयेत असा निर्णय राज्य शासनाने जाहीर केला. निर्णय योग्यच होता, परंतु तो श्रोत्यांपुरता राहिला. त्याच बारा ते पाच या वेळेत रस्ता खोदणाऱ्याला, मालाची हातगाडी ओढणाऱ्याला आणि इमारतीच्या परांचीवर उभ्या असलेल्याला असे संरक्षण मिळाले नाही. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचे काम बंद ठेवण्याचा नियम आहे, आणि तेथे गेलेल्या कोकणातल्या कामगारांना तो लागू होतो. त्यांच्याच भावंडांना अंधेरीच्या बांधकामावर तो लागू नाही.

येथे दानाच्या प्रश्नापर्यंत येऊन पोहोचता येते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीची लेणी पाहताना बहुतेकांचे लक्ष चैत्यगृहातील भव्य बुद्धमूर्तींकडे जाते, पण जवळजवळ प्रत्येक लहान विहाराच्या बाजूला खडकात कोरलेले एक टाके आहे आणि पावसाचे पाणी त्याच्यापर्यंत आणणाऱ्या अरुंद पन्हळी कातळावर खोदलेल्या आहेत, त्या अधिक निरखण्याजोग्या आहेत. शिलालेखांत या टाक्यांना पोढी म्हटले आहे आणि ती देणाऱ्यांत कल्याण, सोपारा अशा बंदरांतील व्यापारी आणि कारागीर आहेत. देहदंड आणि भोग ही दोन्ही टोके नाकारून मध्यम मार्ग सांगणाऱ्या धर्माने भिक्षूला उन्हात वाळवत ठेवले नाही, त्याच्या दाराशी बारा महिने पुरेल असे पाणी कोरून ठेवले, आणि व्यापाराच्या नफ्यातला एक भाग त्यासाठी लागला. हीच वृत्ती पुढे एकोणिसाव्या शतकात दक्षिण मुंबईतील दगडी प्याऊंमध्ये, म्हणजे पाणपोयांमध्ये, दिसते. १८७६ मध्ये मशीद बंदर भागात उभारलेले केशवजी नाईक कारंजे हे त्याचे ठळक उदाहरण आहे. हिंदू, जैन आणि पारशी दात्यांनी आप्तांच्या स्मरणार्थ बांधलेल्या या प्याऊंत जनावरांसाठीही हौद असत. रेल्वे आणि कारखान्यांमागून वाढलेल्या उपनगरांच्या वाट्याला ही परंपरा फारशी आली नाही. तेथे तिची जागा उन्हाळ्यापुरत्या मंडपातील माठांनी घेतली आहे, आणि तो मंडप कोणाच्या तरी वाढदिवसाच्या फलकासह येतो नि पावसापूर्वी जातो.

दानाची थोरवी मान्य करूनही त्याची एक मर्यादा सांगितलीच पाहिजे. दान देणाऱ्याच्या इच्छेवर चालते, आणि ज्याला ते नाकारले जाते त्याला दाद मागण्याची सोय नसते. महाराष्ट्राने हे पाण्याच्या बाबतीत फार कठोरपणे अनुभवले आहे. ज्या समाजात पाणपोईचे पुण्य गायले जात होते त्याच समाजात लाखो माणसांना सार्वजनिक तळ्याला शिवता येत नव्हते. महात्मा फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला तो औदार्याचा कळस होता. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी पाणी प्यायले ती कृती मात्र वेगळ्या कोटीतली होती, कारण तेथे कोणाचे औदार्य मागितलेले नव्हते. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर १५ डिसेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अनधिकृत झोपड्यांतील रहिवाशांनाही पाणी नाकारता येणार नाही असे ठरवले, ते याच मार्गावरचे पुढचे पाऊल आहे. सावली आणि विसावा यांच्या बाबतीत असे पाऊल अजून पडलेले नाही. उलट, ऑक्टोबर २०१९ मध्ये आरेच्या जंगलातील दोन हजारांहून अधिक झाडे मेट्रोच्या कारशेडसाठी एका-दोन रात्रींत तोडली गेली, तेव्हा झाड कोणाचे हा वाद झाला, त्याची सावली कोणाची हे विचारले गेले नाही. वटपौर्णिमेला बाजारातून फांदी विकत आणून तिची पूजा करण्याची पद्धतही या दृष्टीने सोडण्याजोगी आहे, कारण तोडलेली फांदी कोणालाच सावली देत नाही.

परंपरेत हक्काच्या जवळ जाणारी एक कल्पना आहे, ती ऋणाची. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन सर्वांना ठाऊक असतात. शतपथ ब्राह्मणात त्यांना चौथे जोडले आहे, ते मनुष्यांचे ऋण, आणि आलेल्याला आसरा व अन्न देऊन ते फेडायचे असते असे तेथे म्हटले आहे. दान न दिल्यास पुण्य हुकते, ऋण न फेडल्यास मनुष्य थकबाकीदार राहतो. उन्हातून आलेल्या माणसाला पाणी, सावली, स्वच्छतागृह आणि टेकायला जागा देणे हे या चौथ्या ऋणाच्या खात्यातले आहे, आणि दुपारच्या विसाव्याची मजुरी हीसुद्धा त्याच खात्यातली आहे. ही शेवटची गोष्ट वगळली तर बाकीच्या सोयी निरुपयोगी ठरतात, कारण मजुरी कापून दिलेला विसावा गरीब माणूस घेणारच नाही. यामुळे शहराचा व्यवहार महाग होईल हा आक्षेप खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण तो खर्च आजही होतच आहे आणि ज्यांच्याकडे सर्वांत कमी आहे ते तो भरत आहेत.

शासनाने १२ ते ५ चा नियम उघड्यावरच्या कामालाही लावावा आणि त्या तासांचा भार काम करवून घेणाऱ्यावर टाकावा, ही पहिली मागणी आहे. तोपर्यंत मुलुंड, घाटकोपर, अंधेरी आणि बोरिवली येथील प्रत्येक गृहनिर्माण सोसायटीला आपल्या पुढच्या वार्षिक सभेत चार ठराव करता येतील: फाटकाशी बारा महिने पिण्याचे पाणी आणि सावलीतला बाक ठेवावा, तळमजल्यावरचे स्वच्छतागृह बाहेरून आलेल्यांना उघडे असावे, लिफ्टवरची पाटी काढावी, आणि या सर्वांचा खर्च देणगीत न दाखवता देखभालीच्या खर्चात धरावा.